बिनमोरचुदाची खळ

त्यांच्या इमारतीत कुठलीही वस्तू टाकून देण्याआधी लोक बाइंडरीणबाईंचं दार वाजवत. "हे टाकू की तुम्हाला देऊ?" असं विचारत, आणि उत्तराची वाट न बघता देऊन मोकळे होत. चेन मोडलेल्या पर्सा, बंद पडलेली मनगटी घड्याळं, गोळ्या संपलेल्या औषधांच्या पट्ट्या, जोडीदार हरवलेलं एकुलतं कानातलं. वरच्या मजल्यावरची शिंपीण तर दर आठवड्याला चिंध्यांची पिशवी आणायची आणि दारातूनच ओरडायची, "घ्या, तुमचा माल आला!" बाई पिशवी जमिनीवर उलटी करायच्या आणि भाजी निवडावी तशा चिंध्या निवडत बसायच्या.

नवरा बुकबाइंडर, म्हणून त्या बाइंडरीणबाई. नवरा एका मोठ्या छापखान्यात बाइंडिंग खात्यात होता. पुस्तकांच्या कडा सारख्या करताना मशीनखाली कागदाच्या लांब, बारीक पट्ट्या पडत. त्या कातरणीची एक पिशवी तो रोज संध्याकाळी शेगडी पेटवायला घरी आणायचा. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी बाईंनी एकदा ती कातरण शेगडीत घातलीच नाही. जुन्या पुठ्ठ्यावर एकेक पट्टी उभी चिकटवून तिचं गवत केलं, आणि त्या गवतात शर्टाच्या तुटक्या बटणांची मेंढरं सोडली.

नवऱ्याने चित्र हातात धरून बराच वेळ पाहिलं. "झक्क झालंय," तो म्हणाला. "पण आता चहा कशावर करणार?"

तेव्हापासून त्यांच्या घरात शेगडीसाठी वेगळं जळण आलं आणि कातरण बाईंची झाली.

चिकटवायची खळ कशी करायची हे नवऱ्यानेच शिकवलं. मैदा गार पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ठेवायचा, ढवळायचा हात थांबवायचा नाही, आणि चमच्यावरून पडदा पडल्यासारखी खळ ओघळायला लागली की उतरवायची. उतरवताना मोरचुदाची एक चिमूट. मोरचूद म्हणजे निळे, काचेसारखे खडे. विषच ते. पण बाइंडरच्या खळीत ते लागतंच, नाहीतर मैद्याची गोडी किड्यांना कळते आणि पुस्तकाची चाळण होते. "बाकी काही विसरलीस तरी चालेल," नवरा म्हणायचा, "ही चिमूट विसरायची नाही."

बाई विसरल्या नाहीत. पहिली काही वर्षं त्यांची खळ निळसरच असायची.

मग मुलगी झाली. ती रांगायला लागली तसा तिने घरातल्या कागदांचा समाचार घ्यायला सुरुवात केली. कातरण दिसली की तोंडात. वर्तमानपत्राचा कोपरा दिसला की तोंडात. बापाने तिचं नाव उंदरी ठेवलं आणि ते चिकटलं. ती तीन वर्षांची असताना एका दुपारी बाई वाळत घातलेले कपडे काढायला गॅलरीत गेल्या आणि परत आल्या तर उंदरी खळीच्या भांड्याशेजारी बसून मजेत मान डोलवत होती. जीभ बाहेर होती आणि जिभेवर एक निळा खडा होता.

बाईंनी खडा काढला, घशात बोट घातलं, पोरीला उचललं आणि अनवाणी चार जिने उतरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे धावल्या. डॉक्टरांनी मुलीचं तोंड तपासलं, पोट तपासलं, दोन तास बसवून ठेवलं आणि मग नर्सला म्हणाले, "हिला काहीसुद्धा झालेलं नाही. आईला जरा पाणी द्या."

त्या दिवशी मोरचुदाचा डबा घरातून गेला. उंदरी मोठी झाली की पुन्हा आणू, असं बाईंनी ठरवलं. उंदरी मोठी झाली. सहाव्या वर्षी कागद खायची थांबली. नवव्या वर्षी आईची चित्रं मैत्रिणींना दाखवायला लागली. नवऱ्याने एकदोनदा भांड्यात डोकावून म्हटलं, "खळ पांढरी दिसते गं." बाई म्हणाल्या, "असू दे." तो भांडणारा माणूस नव्हता, त्याने असू दिलं. अकरा वर्षांची मुलगी भांड्यात बोट घालून चाटणार नाही, हे बाईंना कळत का नव्हतं? कळत होतं. पण दुकानात मोरचूद मागायला तोंड उघडलं की ती जीभ डोळ्यांसमोर यायची, आणि बाई दोऱ्याचं रीळ घेऊन परत यायच्या.

मुलगी अकरा वर्षांची असतानाच त्यांनी मोठं चित्र सुरू केलं. जुन्या कपाटाचं एक दार होतं, पुरुषभर उंच. त्यावर त्यांनी समोरची इमारत करायला घेतली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती रोज दिसायची: सहा मजले, मजल्याला आठ खिडक्या. बाईंनी खिडकीगणिक वेगळी वस्तू वापरली. एकीचा पडदा जखमेला बांधायच्या जाळीचा. एकीची काच औषधाच्या पट्टीच्या चंदेरी कागदाची. कायम अंधारी असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला नवऱ्याच्या छातीच्या एक्स-रेचा तुकडा. जिथे दोन म्हातारी भावंडं सकाळ-संध्याकाळ समोरासमोर बसत, तिथे घड्याळाची दोन चाकं, दात एकमेकांत न अडकलेली. भिंती सगळ्या कातरणीच्या. अठ्ठेचाळीस खिडक्यांना चौदा वर्षं लागली, कारण समोर कुणी पडदा बदलला की बाई इथेही बदलायच्या.

"आई, ते लोक भाडं देत नाहीत तुला," उंदरी हसायची. ती आता पंचवीस वर्षांची होती, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला होती. "त्यांच्या घरची एवढी काळजी?"

"बघते तेवढं करते," बाई म्हणायच्या.

उंदरीनेच चित्राचे फोटो काढून वाचनालयाला पाठवले. वाचनालयाने नवा वाचनकक्ष बांधला होता आणि जुन्या पुस्तकांच्या कपाटांमधल्या भिंतीसाठी त्यांना एक मोठं चित्र हवं होतं. एका सोमवारी ग्रंथपाल बाई स्वतः घरी आल्या. चष्मा लावून, चष्मा काढून, मागे सरून, पुढे वाकून वीस मिनिटं बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "हे आमच्याकडे येऊ द्या. शुक्रवारी टेम्पो पाठवते."

त्या गेल्यावर उंदरीने आईला घट्ट धरून गोल फिरवलं. बाप म्हणाला, "हळू, तिची कंबर मोडशील. मग कंबरेचंही चित्र करावं लागेल." आणि मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखा, "त्या कपाटांतली निम्मी पुस्तकं मी बांधलीत. वाचनालयाचं सगळं काम आमच्याकडेच यायचं."

मंगळवारी मुलगी कामावर गेल्यावर बाईंनी चित्र पुसायला घेतलं. तळाशी, दाराच्या चौकटीवर, पिवळट भुकटी दिसली. चिमूटभर. त्यांनी ती बोटावर घेतली. मैद्यासारखी मऊ. मग त्यांनी चष्मा आणला आणि पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांपाशी नाक नेलं. कातरणीच्या भिंतीत सुईच्या टोकाएवढी भोकं होती. एका भोकातून तपकिरी, कणीएवढा किडा बाहेर आला, थोडा थांबला आणि शेजारच्या भोकात गेला.

बाई जमिनीवर बसल्या. बाइंडरच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईला हा किडा कुठला हे कुणी सांगायला नको होतं.

दुपारी नवरा वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होता. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तुमच्याकडे कीड लागलेलं पुस्तक आलं तर काय करायचा?"

"बाहेर ठेवायचो."

"आणि?"

"आणि ते ज्या फळीवर होतं तिथली सगळी काढून बघायचो. ती कीड एका पुस्तकात शिरली की सरळ भोक पाडत दहाव्यात निघते. पुठ्ठाबिठ्ठा काही बघत नाही."

"औषध मारलं तर?"

"वरची मरते. आतली आपली खात बसते निवांत." त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "का गं?"

"उगाच."

त्याने बायकोकडे पाहिलं आणि पेन्सिल पुन्हा हातात घेतली, पण त्या दिवशी त्याचं कोडं सुटलं नाही.

बुधवारी बाईंनी दार गॅलरीत नेऊन उन्हात ठेवलं. तासाभरात वाळलेली खळ तडकायला लागली, कोपऱ्यातल्या पट्ट्या उचलल्या गेल्या, जाळीचा पडदा सुटून लोंबू लागला. त्यांनी धावत दार आत ओढलं. मग किडे मारायचं औषध कापसाच्या बोळ्याने एका खिडकीला लावलं. चंदेरी कागदावर काळा डाग पडला, आणि अर्ध्या तासाने त्या डागाशेजारून एक किडा शांतपणे चालत गेला. मग डांबराच्या गोळ्या आणून पूर्ण दार प्लास्टिकमध्ये बांधलं. घरभर वास सुटला.

"हे काय?" संध्याकाळी उंदरीने नाक दाबून विचारलं.

"धूळ बसू नये म्हणून."

गुरुवारी सकाळी प्लास्टिकच्या तळाशी पुन्हा भुकटी होती. कालच्यापेक्षा जास्त वाटली. कदाचित नजर आता तेवढंच शोधत होती. लेक उठायच्या आत बाईंनी प्लास्टिक सोडलं, भुकटी ओल्या फडक्याने टिपली आणि फडकं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं. आणखी काय करता येईल हे त्यांना सुचत नव्हतं. सांगायला हवं हे कळत होतं. चहा देताना सांगू म्हणाल्या, तर उंदरी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, वाचनकक्षात! सगळ्यात मोठ्या भिंतीवर!" जेवताना सांगू म्हणाल्या, तर ती वाचनालयाचा फॉर्म घेऊन बसली.

"साहित्य," उंदरीने वाचलं. "हे मला माहीत आहे. कागदाची कातरण, कापड, काच, घड्याळाचे भाग, एक्स-रे... बाबा, तुमची फुप्फुसं वाचनालयात चालली."

"पास द्या म्हणावं त्यांना फुकट," बाप म्हणाला.

"चिकटवायला काय, आई?"

"खळ."

"नुसती खळ?"

"नुसती."

बापाचा घास हातात राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. बाई वाटीत चमचा फिरवत होत्या, थांबवायचाच नाही असा. त्याला मंगळवारचे प्रश्न आठवले असावेत, कारण तो उठला, चित्रापाशी गेला, वाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. परत येऊन जेवायला बसला. पोरीसमोर तोही काही बोलला नाही. आता हे सांगायचं दोघांच्याही अंगावर होतं, आणि दोघंही दुसऱ्याकडे बघत होते.

शुक्रवारी दहा वाजता टेम्पो आला. ग्रंथपाल बाईंबरोबर दोन हमाल होते. उंदरीने रजा काढली होती आणि नवीन कपडे घातले होते. बाइंडरीणबाईंनी सगळ्यांना चहा दिला, मग पाणी दिलं, मग पुन्हा चहा विचारला.

"मावशी, चहातच बुडवणार वाटतं आम्हाला," थोरला हमाल म्हणाला. दोघांनी दार उचललं. खांद्यावर घेतलं. ते उंबऱ्यापर्यंत गेले.

बाईंच्या डोळ्यांसमोर ती कपाटं आली. त्यांनी ती कधी पाहिली नव्हती. नवऱ्याच्या बोलण्यातूनच माहीत होती. लाल कापडाची, हिरव्या कापडाची, पाठीवर सोनेरी अक्षरांची पुस्तकं, एकाला एक खेटून.

"थांबा," त्या म्हणाल्या.

हमाल थांबले. बाई पुढे झाल्या आणि चित्राच्या तळाशी त्यांनी पंजाने दोनदा थोपटलं. भुकटी हमालाच्या बुटावर पडली.

"हे तुमच्या पुस्तकांशेजारी ठेवू नका, बाई. कीड आहे."

ग्रंथपाल बाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं, आणि दार हळूच भिंतीला टेकवायला लावलं. मग हमालांना हात झटकायला सांगितलं. जरा वेळाने म्हणाल्या, "सांगितलंत, फार बरं केलंत. सोपं नव्हतं." थांबून त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. "पण बाइंडरच्या घरची खळ ना ही? मोरचूद नव्हतं घातलं?"

उंदरी आईकडे बघत होती. ती लहानपणापासून या घरात वाढली होती. मोरचूद काय ते तिला बापाकडून ठाऊक होतं. निळ्या खड्याची गोष्ट मात्र तिला कुणी कधी सांगितली नव्हती. उगाच मुलीने स्वतःला दोष का लावून घ्यावा?

बाप म्हणाला, "त्याचं असं आहे, ही लहान असताना..."

"विसरले," बाई म्हणाल्या.

"काय?" उंदरीने विचारलं.

"घालायचं विसरले."

"चौदा वर्षं?"

"हो."

"आई, तू दर आठवड्याला खळ शिजवतेस. दर आठवड्याला विसरलीस?"

"हो गं. राहून गेलं."

बापाने कान खाजवला. टेम्पो रिकामा गेला. ग्रंथपाल बाई जाताना सांगून गेल्या की हे घरातही ठेवू नका, लाकडी सामान पोखरेल. तेव्हा नवरा-बायकोने मिळून दार गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीमागे प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं केलं. जिन्यात दोनदा टेकावं लागलं. दुसऱ्यांदा टेकले तेव्हा नवरा म्हणाला, "खरं सांगायचं होतंस."

"काय सांगू? की तू खळ चाटशील म्हणून? पंचविशीच्या मुलीला?"

"तुला वेंधळी समजेल ती."

"समजू दे. त्याने तिचं काय जातं?"

त्यांना वाटलं, इथे हे संपलं. चित्र गेलं, ते तर कसंही जाणारच होतं; निदान त्याचं ओझं पोरीच्या माथी बसलं नाही. दोन दिवस उंदरी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली, तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि बाईंना ते रागापेक्षा वाईट वाटलं.

"आई, आज कुठला वार?"

"सोमवार. का?"

"काही नाही."

दूध उतू गेलं, तर उंदरी धावत आली. आधी ती यायची नाही. बाईंनी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, तर उंदरीने बापाकडे पाहिलं. वर्षानुवर्षं बाई चष्मा असाच शोधत आल्या होत्या, आणि वर्षानुवर्षं त्यावर घरात हशा पिकत होता. आता कुणी हसलं नाही. गॅसवर एक कागद चिकटवलेला दिसला: "बंद केला का?" अक्षर उंदरीचं. पलीकडच्या खोलीतून तिचा दबका आवाज ऐकू आला, बहुधा कचेरीतल्या मैत्रिणीशी: "नाही गं, आत्ताचं नाही. चौदा वर्षांपासून असावं. आम्ही लक्षच दिलं नाही."

बाई तशाच दाराशी उभ्या राहिल्या. आत जाऊन सांगावं, असं मनात आलं. पण आता काय सांगायचं? खोटं बोलले म्हणून? मग ते का बोलले, आणि तो खडा, आणि ती जीभ. एवढ्या उशिरा सांगितलं तर खरंसुद्धा सारवासारव वाटलं असतं. नवऱ्याला त्यांनी डोळ्यांनी विचारलं. "मी सांगून पाहिलं काल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणाली, बाबा, तुम्ही आईला पाठीशी घालताय."

पुढच्या आठवड्यात उंदरीने दिवस ठरवला, रजा काढली आणि आईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात तिने आईचा हात सोडला नाही. बाई ठरवूनच गेल्या होत्या: सगळी उत्तरं नीट द्यायची, एकही चुकवायचं नाही, म्हणजे पोरीच्या जिवाला लागलेला घोर आजच्या आज सुटेल.

डॉक्टर तरुण होते, अदबीने बोलत होते. "मी तीन शब्द सांगतो, मावशी. लक्षात ठेवा. मी नंतर विचारेन. खुर्ची, समुद्र, चमचा."

बाईंनी तीन शब्द मनात घट्ट धरले. मग डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला; त्यांनी सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्या पासष्टपर्यंत न अडखळता आल्या. मग घड्याळ काढायला सांगितलं. बाईंनी इतकं सुबक घड्याळ काढलं की डॉक्टर म्हणाले, "वा, तुम्ही चित्रं काढता वाटतं?"

"चिकटवते," बाई म्हणाल्या. "चिकटवायची."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या उंदरीने हे ऐकून मान दुसरीकडे वळवली. बाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं. ही झोपत नाहीये का? जेवते का नीट?

"आता मघाचे तीन शब्द, मावशी."

"खुर्ची," बाई म्हणाल्या. "समुद्र."

आणि पुढचं काही येईना. त्यांनी टेबलावर शोधलं, भिंतीवर शोधलं. शब्द आत्ता इथे होता. लहान शब्द होता, घरातला.

"सावकाश, घाई नाही," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी लेकीकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती, आणि तिचे ओठ न कळतील असे हलत होते. तिसरा शब्द ती आईसाठी मनातल्या मनात म्हणत होती, पुन्हा पुन्हा. बाई त्या ओठांकडे जिवाच्या आकांताने बघत राहिल्या. त्यांना काहीच वाचता येईना.